एका नोंदीतल्या दोघी

मेघना ओव्हाळ नेमकं काय काम करते, हे बारामतीच्या आमराई वस्तीत आजवर कुणालाही धड सांगता आलेलं नाही. तिचे वडील ज्ञानूतात्या एसटीच्या डेपोत मेकॅनिक होते, इंजिनाचा आवाज ऐकून बिघाड सांगणारे. ते विचारणाऱ्याला "कॉम्प्युटरवर हाय" एवढंच सांगून विषय मिटवतात. केसरबाई मात्र तेवढ्यावर थांबत नाहीत. केसरबाई म्हणजे मेघनाच्या आईची सख्खी धाकटी बहीण, आणि त्याच घरात धाकट्या दिराला दिलेली. त्यामुळं मावशी आणि काकू असे दोन्ही हुद्दे त्या एकट्या सांभाळतात. "आमची मेघना डॉक्टरांच्या चुका काढती," असं त्या रविवारी विहारात सांगून टाकतात, आणि सोमवारी दोन-चार बायका आपापले रिपोर्ट घेऊन दारात हजर. मेघना त्यांना चहा पाजते, आपण डॉक्टर नाही हे समजावते, आणि बायका "एवढी शिकली पन रिपोर्ट वाचता येत न्हाय" असं म्हणत हळहळत परत जातात.

खरं तर काम सांगायला सोपं आहे. भवानीनगरकडच्या एखाद्या वस्तीवरचा माणूस उपकेंद्रात बीपी मोजून घेतो, छातीत दुखलं की बारामतीला ॲडमिट होतो, आणि डोळे तपासायला इंदापूर गाठतो. तिन्हीकडं त्याची नोंद होते, आणि सरकारदरबारी एका माणसाची तीन माणसं होतात. एकाला दुसऱ्याच्या गोळ्या ठाऊक नसतात, आणि गोळ्या सगळ्या जातात एकाच पोटात. ती तीन माणसं पुन्हा एक करायची, हे मेघनाचं काम. हुद्दा डेटा सायंटिस्ट. पुण्यात संख्याशास्त्र शिकून तिनं तिथंच एका विमा कंपनीत काही वर्षं काढली. पगार बरा होता, पण समोरचा आकडा कुठल्या गावचा, हे कुणी सांगत नव्हतं आणि तिच्याखेरीज कुणी विचारतही नव्हतं. मग बारामती आणि इंदापूर या दोन तालुक्यांच्या आरोग्यनोंदी जोडायचा एक प्रकल्प निघाला, भिगवण रस्त्यावर बॅटरीच्या दुकानावर त्याचं ऑफिस थाटलं गेलं, आणि मेघना बॅगा भरून घरी आली.

या कामाची एक गंमत अशी, की मेघनाला माणसांची नावं दिसत नाहीत. नावं कुलूपबंद. तिच्यापुढं येतात ते नुसते लांबलचक क्रमांक, त्यांच्यापुढं वजन, वय, तपासण्या. नावाचं कुलूप उघडायचा अधिकार फक्त त्या त्या भागाच्या वैद्यकीय अधिकाऱ्याला. हे योग्यच आहे, पण मेघना पडली बोलघेवडी. बिननावाच्या माणसांत तिचा जीव रमेना. म्हणून तिनं आपल्या मनानं नावं ठेवली. दर महिन्याला तीन वेगवेगळ्या डॉक्टरांकडं जाणारा तो 'खात्री करून घेणारा'. साखर तपासायच्या आदल्या आठवड्यातच काय ते पथ्य पाळणारी ती 'परीक्षार्थी'. ही मंडळी तिला शेजाऱ्यांइतकी ओळखीची झाली होती, रस्त्यात भेटली असती तर मात्र ओळखू आली नसती.

शुक्रवार तिच्या खास आवडीचा. आठवडाभरात जोडणीच्या प्रोग्रामनं जे जे अशक्य करून ठेवलेलं असे, ते एका कप्प्यात जमा होई आणि शुक्रवारी सकाळी मेघना तो कप्पा उघडे. त्यात बाळंत झालेले पुरुष असत. बापापेक्षा वयानं मोठे मुलगे असत. एकदा तर एक आजोबा वारल्यानंतर दोन महिन्यांनी स्वतःच्या पायांनी येऊन गुडघा दाखवून गेले होते. लोक टीव्हीवरच्या मालिका ज्या चवीनं बघतात, त्या चवीनं मेघना हा कप्पा वाचायची, आणि हसता हसता एकेक गाठ सोडवायची.

आता तिच्या अभिमानाच्या गोष्टीकडं यायला हवं, कारण पुढचा घोटाळा तिथूनच सुरू झाला. प्रकल्पाच्या पहिल्या वर्षी सगळ्यांनी एका गोष्टीपुढं हात टेकले होते. पोटुशी बायका मध्येच गायब व्हायच्या. सासरच्या उपकेंद्रात सहा-सात महिने नोंद, मग एकदम सामसूम. आणि तिकडं दुसऱ्या तालुक्यात कुठली तरी बाई मागचा काहीच पत्ता नसताना येऊन बाळंत व्हायची. पुण्याच्या वरिष्ठांना वाटलं, नोंदी हरवल्या. मेघनाला दोन मिनिटांत कळलं, पहिलं बाळंतपण माहेरी. सासरी लग्नाच्या दिवशी ताटात तांदूळ पसरून, अंगठीनं नवं नाव लिहून सुनेचं बारसं झालेलं. माहेरी आई मात्र दवाखान्यात जुन्याच नावानं हाक मारणार आणि तेच नाव लिहून देणार. आडनाव बदललेलं, नाव बदललेलं, पत्ता बदललेला. प्रोग्राम बिचारा काय जुळवणार?

मेघनानं त्याला शिकवलं: बाईच्या पहिल्या नावावर विसंबू नको. वडिलांचं नाव, माहेरचं गाव, सासरच्या कुटुंबप्रमुखाचं नाव, घर आणि फोन जुळले, वय थोडंफार जवळ असलं, की ती बाई एकच समज. वयाला थोडी ढील द्यावीच लागते, कारण वय सांगताना माणसं अंदाजानं बोलतात. या एका नियमानं शेकडो हरवलेल्या बायका सापडल्या. पुण्याच्या बैठकीत टाळ्या झाल्या. केसरबाईंनी आमराईत पेढे वाटले आणि विचारणाऱ्यांना सांगितलं, "मेघनानं बेपत्ता बाया हुडकल्या," त्यामुळं तिला पोलिसांत नोकरी लागली असा काहींचा समज झाला, तो अजून आहे.

ऊसतोडीचे दिवस होते. शुक्रवारी सकाळी मेघनानं कप्पा उघडला आणि तिला 'वजनवाली' भेटली. भवानीनगरच्या बाजूची, पोटुशी, आणि वजनाचा नुसता खेळखंडोबा. एका आठवड्यात बासष्ट किलो, पुढच्या आठवड्यात त्रेपन्न, महिन्यानं पुन्हा चौसष्ट. बाळंतपणाच्या तारखा दोन, एकमेकींपासून दोन महिने लांब. पहिली चार-पाच दिवसांवर आलेली. प्रोग्रामनं ती खोडून नंतरची धरली होती, कारण ताजी माहिती खरी मानायची हे त्याला मेघनानंच शिकवलेलं. मेघना एकटीच हसली. मग तिची नजर रक्तगटावर गेली. दोन वर्षांपूर्वी, बारामतीत पहिल्या मुलीच्या वेळी, बी निगेटिव्ह. यंदा बी पॉझिटिव्ह.

वजन चुकीचं मोजलं जातं, तारीख चुकीची लिहिली जाते. रक्तगटही लिहिताना चुकू शकतो, म्हणून ती पुढं वाचणारच होती, तेवढ्यात फोन वाजला. स्क्रीनवर नाव आलं, 'मावशी'. केसरबाईंना विचारायचं होतं, डब्यातली मेथी आईनं केलेली की मावशीनं ते ओळखता आलं का. मेघना "हो" म्हणाली, "नाही" म्हणाली, आणि मग फोन कानाला तसाच धरून ती नोंद पुन्हा वरपासून वाचू लागली. एकाच बापाच्या दोन लेकी. एकाच घरात दिलेल्या. एकच पत्ता, एकच कुटुंबप्रमुख, घरातला एकच फोन, वयात दोन वर्षांचा फरक. सख्ख्या बहिणी, सख्ख्या जावा. आणि हे तिला कुणी सांगायला नको होतं, ती अशाच दोघींच्या मांडीवर वाढली होती.

वजनवाली एक नव्हती, दोघी होत्या. आपण त्या दोघींची एक करून टाकली. धाकटीचा पॉझिटिव्ह रिपोर्ट ताजा म्हणून थोरलीच्या निगेटिव्हवर जाऊन बसला. निगेटिव्ह रक्ताच्या आईच्या पोटात पॉझिटिव्ह रक्ताचं मूल असलं, तर पहिल्या खेपेला सहसा निभावतं. पण आईच्या अंगाला ते रक्त परकं वाटायला लागलं, तर पुढच्या मुलाच्या जिवावर बेततं. त्यासाठी एक इंजेक्शन असतं, सातव्या महिन्यात एकदा आणि बाळंतपणानंतर तीन दिवसांच्या आत पुन्हा. वेळ आली तर आईसाठी निगेटिव्ह रक्तही तयार ठेवावं लागतं, आणि ते मागितल्याबरोबर मिळत नाही. अशा बायकांची यादी दर आठवड्याला डॉक्टरांकडं जाते. ती यादी मेघनाच्याच प्रोग्राममधून निघते, आणि थोरली तिच्यात नव्हती.

तिनं त्या भागाचे वैद्यकीय अधिकारी डॉ. सोमनाथ यांना फोन लावला. डॉ. सोमनाथ म्हणजे सावकाश माणूस. शेंगा फोडत फोडत ऐकून घेणारा.

"बोला डेटाताई. आज कोण बाळंत झालं? सरपंच का तलाठी?"

"डॉक्टर, चेष्टा नको. माझी चूक झाली आहे, मोठी," मेघना म्हणाली आणि तिनं सगळं सांगितलं. पलीकडचा शेंगांचा आवाज थांबला.

डॉक्टरांनी कुलूप उघडलं. घर विजयसिंह काटे यांचं. थोरली सून राजेश्वरी, माहेरची सोनम. धाकटी श्रेया. धाकटीनं लग्नात अंगठी स्वतःच्या हातात घेऊन तांदळात स्वतःचंच नाव लिहिलं होतं, आणि सासूबाई ठमाबाई ते वस्तीभर सांगत होत्या, त्यामुळं डॉक्टरांनाही ठाऊक होतं. त्यांनी घरच्या नंबरवर फोन केला. ठमाबाईंनी उचलला. "दोगी बी बारामतीला गेल्यात तपासायला. रविराजनं न्हेलंय गाडीतनं," त्या म्हणाल्या, आणि थोरल्या मुलाचा, रविराजचा, नंबर सांगितला.

डॉक्टरांनी हे कळवलं तेव्हा मेघनाचा जीव भांड्यात पडला, पण फार वेळ तिथं टिकला नाही. तिनं बारामतीतल्या त्यांच्या नेहमीच्या दवाखान्यात विचारलं. कुणी आलं नव्हतं. मग तिनं रविराजला फोन लावला.

"दवाखान्यातच हाय आमी," रविराज म्हणाला. "आत घेतलंय त्यास्नी तपासायला."

त्याच वेळी त्याच्यामागून कुणीतरी खणखणीत आवाजात म्हणालं, "तीन नंबरला चिलापी फ्राय, आन् रस्सा वाढ रं परत."

"तपासणीत रस्सा वाढतात का हो?" मेघनानं विचारलं.

पलीकडचा आवाज एकदम बारीक झाला. "कोन बोलतंय तुमी?"

मेघनानं नाव सांगितलं, प्रकल्प सांगितला, तुमच्या मिसेसचा रक्तगट चुकीचा नोंदवला गेलाय, ताबडतोब बारामतीला या, असं सांगितलं. रविराजनं सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"बरं. आता म्या ओटीपी सांगायचा आसंल, न्हवं?"

"अहो, ओटीपी नको मला."

"आमच्या मेव्हन्याला बी बाई आसंच म्हनली हुती आदी," असं म्हणून त्यानं फोन ठेवला. मेघनानं पुन्हा लावला तर लागेना. त्यानं फोनच बंद करून टाकला होता.

डॉ. सोमनाथांना हे कळलं तेव्हा एवढ्या काळजीतही त्यांना हसू आवरेना. "चिलापी म्हणजे भिगवणच. घरात सासू-सासरे दोघं माळकरी आहेत. मासळीचं नाव घरात काढता येत नाही, आणि दोन्ही सुनांना डोहाळे लागलेत मासळीचे. तरीच मला वाटत होतं, या घरातल्या बायका तपासणीला एवढ्या वरचेवर कशा निघतात. ठमाबाईंना मी काही सांगत नाही, सांगितलं तर बाळंतपणाआधी तिकडं भलतंच काहीतरी होईल. तुम्ही भिगवणला निघा. मी रक्ताचं बघतो."

मेघनानं स्कूटर काढली. रस्त्यावर उसाच्या ट्रॅक्टरांची रांग लागलेली, एकेकाला दोन-दोन ट्रॉल्या. एकीला ओलांडावं तर पुढं दुसरी. हेल्मेटच्या आत ती स्वतःला मनसोक्त शिव्या घालत होती. टाळ्या, पेढे, सगळं आठवून तिचे कान तापले. आतापर्यंत तिच्या चुका कप्प्यात यायच्या आणि ती त्यांना हसायची. त्यांतली एखादी चूक चार दिवसांनी बाळंत होणार असेल, असं तिच्या मनात कधी आलं नव्हतं. ती मनापासून घाबरली होती.

भिगवणला मासळीच्या खानावळी ओळीनं आहेत. पहिलीत पक्षी बघायला आलेले पुण्याचे लोक गळ्यात दुर्बिणी अडकवून काटे काढत बसलेले. दुसरीत ट्रकवाले. तिसरीत शिरल्या शिरल्या मेघना थबकली. कोपऱ्यातल्या टेबलाशी दोन बायका शेजारी शेजारी बसल्या होत्या. तेच नाक, तीच हनुवटी, डावीकडं कलून बसायची तीच तऱ्हा. एक भरल्या दिवसांची, दुसरी थोडी मागं. सकाळपासून मेघनानं जिची काळजी वाहिली ती एक बाई तिच्यासमोर दोन ताटांत जेवत होती.

"सोनमताई?" तिनं विचारलं.

थोरलीनं दचकून वर पाहिलं. सासरच्या मुलखात या नावानं तिला श्रेयाखेरीज कुणी हाक मारत नव्हतं. रविराज हात धुऊन येत होता. त्यानं मेघनाचा आवाज ओळखला आणि त्याचा चेहरा पडला.

"ओटीपीवाली हितं बी आली?" तो म्हणाला.

मेघनानं गळ्यातलं ओळखपत्र काढून टेबलावर ठेवलं, डॉ. सोमनाथांना व्हिडिओ कॉल लावला आणि फोन रविराजच्या हातात दिला. डॉक्टरांनी पडद्यावरून आधी रविराजच्या पाठीमागचं ताट पाहिलं. "रस्सा बरा आहे का रे?" एवढंच त्यांनी विचारलं, आणि रविराजचा सगळा संशय फिटला. मग मेघना खुर्ची ओढून दोघींसमोर बसली.

"तुमच्या दोघींच्या नोंदी मी एक केल्या," ती म्हणाली. "म्हणजे प्रोग्रामनं केल्या, पण त्याला शिकवलं मी. तुमचा रक्तगट निगेटिव्ह असताना आमच्याकडं पॉझिटिव्ह लागला. तुम्हाला सातव्या महिन्यात इंजेक्शन मिळायला हवं होतं, ते मिळालं नाही. चूक माझी आहे."

सोनम गृहविज्ञानाची पदवीधर, अडाणी नव्हे. "मी सांगितलं हुतं की वो," ती म्हणाली. "सातव्या म्हैन्यात. म्हनलं, माझं रक्त निगेटिव्ह हाय. तर त्या ताईंनी टॅब फिरवून दाखवला. पॉझिटिव्ह. म्हनल्या, हितं रिपोर्ट आलाय, परत कशाला टोचून घेताय. म्या इचार केला, पयल्या पोरीच्या येळंला ते एक इंजेक्शन दिलं हुतं. त्यानंच बदललं आसंल."

"रक्त बदलत नाही, ताई."

"मला बी तसंच वाटायचं. पन नाव बदललं, आडनाव बदललं, हिथली भाजीची चव बी बदलून घेतली मी. म्हनलं, रक्त बी बदललं आसंल. मशीन म्हनतंय तर." असं म्हणून ती हसली, श्रेयाही हसली. मेघनाला मात्र हसता आलं नाही. तिनं पाण्याचा पेला उचलला.

"चला, उठा," रविराज गडबडीनं म्हणाला. तो आता खरोखरच घाबरला होता.

"ताट टाकून कुठं उठायचं," सोनम म्हणाली. डॉक्टर अजून फोनवरच होते. त्यांनी विचारलं, दुखतंय का, पाणी गेलंय का, बाळ फिरतंय का. सगळी उत्तरं ठीक निघाली. "मग जेवू द्या तिला," डॉक्टर म्हणाले. "परत कधी मिळंल कुणास ठाऊक." तेव्हा दोघी बहिणींनी आपापली चिलापी शांतपणे संपवली. श्रेयानं मेघनापुढंही एक ताट मागवलं आणि न विचारता वाढलं. मेघनानं दोन घास खाल्ले. तिला चव कळली नाही, पण तिनं छान आहे असं सांगितलं.

मग सगळी वरात बारामतीला निघाली. पुढं काट्यांची जीप, मागं मेघनाची स्कूटर. ठमाबाईंना सांगितलेलं खोटं अशा रीतीनं तासाभरात खरं झालं, याचं सगळ्यात मोठं समाधान रविराजला होतं. दवाखान्यात सोनमचं रक्त घेतलं. बी निगेटिव्ह. मुलाला बाधेल असं काही रक्तात तयार झालंय का, ती तपासणी केली. तिचा निकाल यायला थोडा वेळ लागणार होता. बाकावर बसून चौघं वाट बघत राहिले. श्रेयाला राहवेना. "रक्त लागलं तर माझं घ्या की. सख्खी भैन हाय मी," ती म्हणाली.

"तुमचंच तर घेतलं होतं इतके दिवस, त्यांच्या नावावर," मेघना म्हणाली, आणि सकाळनंतर पहिल्यांदाच ती स्वतः हसली.

निकाल आला. रक्त स्वच्छ होतं. पहिल्या बाळंतपणानंतर वेळेवर टोचलेलं इंजेक्शन कामी आलं होतं, आणि मधल्या चुकीनं अजून तरी काही बिघडवलं नव्हतं. डॉक्टरांनी सांगितलं, आता बाळंतपण इथंच, निगेटिव्ह रक्त तयार ठेवून, आणि नंतरचं इंजेक्शन चुकवायचं नाही. रविराजनं मेघनाला हात जोडले. तिनं ते खाली करायला लावले. आपल्याला त्यांचा अधिकार नाही, असं तिला वाटत होतं.

शनिवार-रविवार ती ऑफिसातच होती. तिचा तो नावाजलेला नियम तिनं मोडून काढला. दोन तालुक्यांत अशा सख्ख्या जावांच्या आणखी कितीतरी जोड्या तिनं एक करून ठेवलेल्या निघाल्या. त्या सगळ्यांच्या डॉक्टरांना एकेक करून कळवलं. कुणाला धोका नव्हता, नुसता गोंधळ होता. सोमवारी तिनं पुण्याच्या बैठकीत सांगून टाकलं, की टाळ्या वाजवलेला आकडा चुकीचा आहे आणि नवा आकडा बराच खाली येईल. वरिष्ठांची तोंडं आंबट झाली. एकानं विचारलं, दोन सख्ख्या बहिणी एकाच घरात, असं किती वेळा होतं? मेघना म्हणाली, "आमच्या घरी एकदा झालंय, सर." त्याच बैठकीत तिनं आणखी एक बदल मागून घेतला. तो तिला सहजासहजी मिळाला नाही. प्रत्येक बाईमागं नर्सचा वेळ जाईल, असं सगळ्यांचं म्हणणं पडलं. जाऊ दे, मेघना म्हणाली, आणि तो मिळेपर्यंत तिनं बैठक संपू दिली नाही.

सोनम सोमवारीच संध्याकाळी बाळंत झाली. मुलगा. रक्त द्यायची वेळ आली नाही. मंगळवारी सकाळी मेघना दवाखान्यात गेली, तेव्हा वॉर्डात काट्यांचं निम्मं घर जमलेलं होतं. ठमाबाई खाटेच्या उशाशी बसून नातवाचे कान निरखत होत्या. ते आपल्या माहेरच्या वळणाचे आहेत, असं त्यांचं ठाम मत पडलं. श्रेया पायथ्याशी टेकली होती. रविराज मेघनाला बघून उगीचच खिडकीबाहेर बघू लागला, कारण आईसमोर चिलापीचा विषय निघतो की काय, याची त्याला धास्ती होती. मेघनानं तो काढला नाही. बाळाचा रक्तगट आला होता. पॉझिटिव्ह. म्हणजे आईला इंजेक्शन द्यायचंच.

नर्स ट्रे घेऊन आली. तिच्या हातात टॅब होता. तिनं सोनमची नोंद उघडली, तर नोंद पुढं सरकेना. पडद्यावर रक्तगटाची जागा झाकलेली होती आणि तिथं एक नवीन चौकट आली होती. ती भरल्याशिवाय खालचा रिपोर्ट दिसणार नव्हता. हेच ते मेघनानं बैठकीत मागून घेतलेलं. नर्सनं कपाळाला आठ्या घातल्या, चौकट वाचली, आणि खाटेकडं वळली.

"ताई, आधी तुम्हालाच विचारायला सांगितलंय. तुमचा रक्तगट कोणता?"

सोनमनं मेघनाकडं बघितलं. मग उशीला टेकून ती नीट सरळ बसली.

"बी निगेटिव्ह," ती म्हणाली, चांगल्या मोठ्यानं, पलीकडच्या खाटांवरच्या बायकांनी वळून बघावं इतक्या. नर्सनं ते लिहिलं आणि मग इंजेक्शन भरलं.